वरची खूण

"ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी जागची हलत नाही," ती म्हणाली. "मनात एक, दोन, तीन मोजून होतात. मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी निघते."

"रोज?"

"नाही ना. तेच तर."

हे 'तेच तर' तिच्या तोंडून असं काही निघालं, की मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

मास्तरांचं गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. बाहेर 'फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स' एवढीच पाटी. आत भिंतीला ओळीने खिळे, आणि खिळ्यांवर गिअरबॉक्समधून काढलेल्या झिजलेल्या चकत्या बांगड्यांसारख्या अडकवलेल्या. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे. शाळा सुटून जमाना झाला, पण फळा काही सुटला नव्हता. तो शेडच्या मागच्या भिंतीवर होता, खडूच्या डब्यासकट.

"बसा ताई. आणि आजोबा, तुम्ही त्या पंख्याखाली बसा. बाळाला इथला धूर नको."

आजोबा म्हणजे तिचे सासरे, आप्पा. त्यांच्या कडेवर दहा महिन्यांची ठकी होती आणि ठकीला त्यांच्या खिशातलं पेन हवं होतं. "मी इथंच बरा," आप्पा म्हणाले. "मलाही कळतं थोडंफार. पस्तीस वर्षं छापखान्याची मशिनं सांभाळलीत." निघताना सासूबाईंना त्यांनी बजावून सांगितलं होतं, की मी जातो बरोबर, बाईमाणूस एकटं दिसलं की हे गॅरेजवाले सरळ टोपी घालतात.

हे तिसरं गॅरेज होतं. पहिल्या ठिकाणी गाडीला वायर जोडून कॉम्प्युटर लावला, त्यात काही दिसलं नाही. त्यांनी गिअरबॉक्सचं तेलही बघितलं. फुल्ल आहे म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मेकॅनिकने दहा मिनिटांची चक्कर मारली आणि तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला सांगितलं, "साहेब, गाडी मस्त आहे. मॅडमना ऑटोमॅटिकची सवय नसेल." दोन्ही वेळा गाडी अशी शहाण्यासारखी वागली, की पाहुण्यांसमोर पोरं काय वागतील. घरी येताना नवरा काहीच बोलला नव्हता, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं.

बोलला तो दुसऱ्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन.

"अगं, रागावू नकोस. पण डॉक्टरांनीही सांगितलं होतं ना, पहिलं वर्ष असं जातं म्हणून. तुला ठकीचे श्वास मोजावेसे वाटायचे. आठवतंय?"

तिला आठवत होतं. ठकी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचं, वारा लागला की हुश्श करायचं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या.

"ठरलेल्या सोमवारीच रुजू व्हायला पाहिजे असं थोडंच आहे? अजून सहा महिने रजा वाढवून घे. गाडीला काही झालेलं नाही."

सहा महिने म्हणजे प्रयोगशाळेतली तिची जागा गेलीच समजायची. ते एक होतंच. पण त्याहून वाईट होतं ते दुसरं. दोष गाडीत नसेल, तर मग तो कुठे होता? हे घरात कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. सगळे फक्त तिच्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागले होते.

आणि गेल्या सोमवारचा तो गोल चौक. मागच्या सीटवर ठकी, उजवीकडून येणारा ट्रक बराच लांब. ती चौकात शिरली, इंजिन ओरडलं, गाडी तिथेच. एक. दोन. खिडकीत ट्रकचा बंपर मोठा मोठा होत गेला. ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला, खाली उतरून चार शिव्या घातल्या आणि ठकीला बघून पाचवी गिळली. हे तिने घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर किल्लीच काढून घेतली असती.

"तारखा आहेत का?" मास्तरांनी विचारलं. "कधी कधी झालं त्याच्या?"

ती घुटमळली. वही पर्समध्ये होती. पण ती वही नवऱ्याने एकदा चाळली होती आणि चाळून झाल्यावर फार जपून टेबलावर ठेवली होती, फुटणारी वस्तू ठेवतात तशी. तिने मान खाली घालूनच वही पुढे केली.

मास्तरांनी गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "'दूध एकशे वीस. ढेकर आली नाही. रडली, मग झोपली,'" ते मोठ्याने वाचू लागले. "हे गाडीचं?"

"नाही हो! डावी बाजू ठकीची. गाडी उजवीकडे."

"बरं झालं सांगितलंत. मी गाडीची ढेकर काढायला घेणार होतो."

ती हसली. तीन आठवड्यांत या विषयावर ती पहिल्यांदाच हसली.

उजव्या बाजूला सगळं होतं. वार, वेळ, घरातून निघून किती मिनिटं झाली, चढ की सपाट, एसी चालू की बंद, किती आकडे मोजून झाले. ठकीला पाळणाघराची सवय व्हावी म्हणून महिनाभर ती तिला रोज दोन तासांसाठी तिकडे नेत होती. पाळणाघर तिच्या प्रयोगशाळेच्या शेजारी, घरापासून पाऊण तासावर. रविवारी दुपारी तिच्या आईकडे, तोही तासाभराचा रस्ता. म्हणजे नोंदींना काही तोटा नव्हता.

मास्तर फळ्यापाशी गेले. त्यांनी खडूने सात वार लिहिले. "वाचा तुम्ही. जे जसं झालं ते, त्याच क्रमाने."

ती वाचत गेली आणि ते एकेका वाराखाली रेघा मारत गेले. तिच्या तोंडचं कुणीतरी फळ्यावर उतरवून घेत होतं. मध्येच ते थांबून विचारायचे, "हा चढावर होता की उतारावर?" ती सांगायची, ते मान हलवायचे. 'नक्की ना?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"आता बघा," ते मागे सरकून म्हणाले. "घरातून निघाल्यावर पहिल्या पंचवीस मिनिटांत एकदाही नाही. म्हणजे गाडी गरम झाल्याशिवाय दुखत नाही. एक गोष्ट कळली. दुसरी ही. रविवारी दुपारी चार रेघा. सोमवारी पाच. मंगळवारी तीन. बुधवारी एक. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोरे. तुम्ही आधी गाडी दाखवायला कधी नेली होती?"

"शुक्रवारी. दोन्ही वेळा. यांचं ऑफिस शुक्रवारी लवकर सुटतं."

"म्हणजे ताप उतरल्यावर पेशंट दाखवला. डॉक्टरला काय सापडणार, कपाळ?" मास्तरांनी हातावरचा खडू झटकला. "गाडीला काही वार कळत नाही ताई. वार माणसांना कळतो. रविवारी हिचं काय होतं?"

"काही नाही. सकाळी घरीच उभी असते."

"घरीच असते, पण सेवा असते तिची," आप्पा मागून म्हणाले. "टायरची हवा, पाणी, तेल, सगळं बघतो मी. दर रविवारी, सकाळी सहाला. हिचं रोजचं जाणं-येणं सुरू झाल्यापासून एक रविवार चुकवलेला नाही."

"कुठलं तेल?"

"इंजिनचं बघतो. गिअरबॉक्सचं बघतो. इंजिन चालू ठेवून बघायचं असतं ते, ठाऊक आहे मला. पुस्तकात वाचलंय."

"मग? असतं बरोबर?"

"थोडं उतरलेलं असतं. मी खुणेपर्यंत भरून ठेवतो."

मास्तरांनी फळ्यावरच्या रविवारच्या रेघांवर एक नजर टाकली. मग खडू डब्यात टाकून म्हणाले, "चला, एक चक्कर मारून येऊ. ताई, तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन."

"तुम्ही नाही चालवणार?"

"मी चालवली तर दुखणं माझ्या पायाखाली येईल की नाही कोण जाणे. तुमच्या पायाखाली ते येतं, हे फळ्यावर लिहिलेलं आहे."

ठकीला ठेवून जायचं म्हटल्यावर तिच्या सूचना सुरू झाल्या. बाटली निळ्या पिशवीत, पुसायचा कपडा बाजूच्या कप्प्यात, आणि त्या चकत्यांना हात लावू देऊ नका, आणि पेन तर अजिबात नको.

"जा गं," आप्पा म्हणाले. "मी तुझ्या नवऱ्याला वाढवलंय. तो पेन खाऊनच मोठा झालाय."

अर्धा तास मास्तर एक शब्द बोलले नाहीत. हात मांडीवर, डोळे मिटलेले. झोपलेत की काय असं तिला दोनदा वाटलं. सिग्नल लागत होते, सुटत होते, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालत होती. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. आजही नाही झालं तर? आज मंगळवार. आजही ही सटवी शहाणी निघाली, तर हा फळ्यावर लिहिणारा माणूससुद्धा जाईल हातचा. गाडी बिघडावी म्हणून आपण मनातल्या मनात हात जोडतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

एकतिसाव्या मिनिटाला, चढावरच्या सिग्नलला, हिरवा लागला. तिने पाय दाबला. इंजिन ओरडलं. गाडी जागेवर. मग धक्का, आणि गाडी पुढे.

"बघा! बघा! झालं की नाही?" ती जवळजवळ किंचाळलीच.

मास्तरांनी डोळे उघडले. "झालं. पण मला तीन नाही वाटले. अडीच."

"तीन होते!"

"अडीच."

तिने रस्त्याकडे बघत ओठ दाबून धरले. अर्ध्या आकड्यावरून कुणी भांडतंय, म्हणजे उरलेले अडीच तरी आहेत. ते तिच्या डोक्यात नव्हते. गाडीत होते.

शेडमध्ये परत आल्यावर मास्तरांनी इंजिन बंद करू दिलं नाही. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका जागी फिरवून आणायला लावला आणि शेवटी पार्कमध्ये. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढली. ठकीला घेऊन आप्पाही येऊन वाकले.

तेल पट्टीवर केवढं तरी वर चढलेलं होतं, आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे होते, साबणाच्या पाण्यात असतात तसे.

"फेस," मास्तर म्हणाले. पट्टी पुसून त्यांनी ती उजेडात धरली. "या दोन खुणा बघा. खालची थंड तेलासाठी, वरची गरम तेलासाठी. तेल तापलं की फुगतं. सकाळी थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरलं, की अर्ध्या तासात ते आपली जागा सोडून वर येतं. आत गिअर गरगरा फिरत असतात, ते त्याला ताकासारखं घुसळतात. मग पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. हवेला जोर कुठला? चकत्या एकमेकींना पकडतच नाहीत, घसरत राहतात." पट्टी पुन्हा आत सारत ते म्हणाले, "आणि फेस वाढला की थोडं तेल वाफेच्या नळीतून बाहेर पडतं. आठवडाभरात जास्तीचं बरंचसं निघून जातं. म्हणून शुक्रवारी गाडी बरी."

"आणि रविवारी तेल उतरलेलं दिसतं," आप्पा म्हणाले.

"हो."

"आणि मी पुन्हा भरतो."

इंजिन चालूच होतं. आप्पांनी एका हाताने चष्मा वर सरकवला. "मला वाटलं, खालची कमीत कमी आणि वरची जास्तीत जास्त. आमच्या मशिनांना तसंच असायचं. वरच्या खुणेला ठेवलं की मशीन खूश." ते थांबले. "बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय हे दिसत होतं. मी वाचलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे."

तीन आठवडे ती गुन्हेगार शोधत होती. तो सापडला, तर तिच्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता. तिला दया यायला हवी होती. पण डोळ्यांसमोर आला तो ट्रकचा बंपर, खिडकीभर. तिने पुढे होऊन ठकीला त्यांच्या हातातून घेतलं. घेतलं म्हणजे जवळजवळ ओढलंच. ठकीच्या मुठीत आप्पांचा शर्ट राहिला होता, तो त्यांनीच हळूच सोडवला. मग त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळून ते पंख्याखाली जाऊन बसले.

मास्तरांनी नळी घालून जास्तीचं तेल काढलं. सव्वा लिटर निघालं. थोडं पांढऱ्या कागदावर टाकून तिला दाखवलं. "रंग अजून लाल आहे, जळका वास नाही. चकत्या वाचल्या. अजून दोन महिने गेले असते तर गिअरबॉक्स उघडायलाच लागला असता, आणि मग तुमचं खरं होतं हे सगळ्यांना आपोआप पटलं असतं." आवाज खाली आणून ते पुढे म्हणाले, "आजोबांवर फार चिडू नका. माझे विद्यार्थीसुद्धा ही चूक करायचे. फक्त ते दर रविवारी करायचे नाहीत, एवढे कामसू नव्हते."

परतीच्या वाटेवर आप्पा मागे बसले होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "घरी तू काही बोलू नकोस."

तिची पाठ ताठ झाली. म्हणजे हे झाकायचं, आणि वेडी आपण ठरायचं, असा त्याचा अर्थ तिने लावला आणि पुढचे तीन सिग्नल ती तोच अर्थ चघळत राहिली.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय निघालं?" अगदी सहज विचारल्यासारखं, पण नजर तिच्या चेहऱ्यावर.

"मी सांगतो," आप्पा म्हणाले आणि उभे राहिले. उभे राहायचं काही कारण नव्हतं. साहेबांसमोर मशीन बंद पडल्याचं सांगावं, तसं त्यांनी सगळं सांगितलं: दोन खुणा, फेस, रविवार, सव्वा लिटर. स्वतःला कुठे वगळलं नाही. "दोष गाडीत होता. गाडीत तो मी घातला होता. ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि मनात म्हणत होतो, की गाडी माझ्या हाताखाली आहे, तिला काय होणार."

"तरी मी म्हणते, रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून एवढं काय असतं," सासूबाई म्हणाल्या.

"रोज नाही. रविवारी," आप्पा म्हणाले.

नवरा तिच्याकडे वळला. "म्हणजे तू म्हणत होतीस ते..." मग तो एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, असा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "चुकलं माझं."

या वाक्यानंतर काय बोलायचं हे तिने कितीदा तरी घोकून ठेवलं होतं. अगदी टोमण्यांसकट. ट्रकचंही सांगायचं होतं, ठसका लागेल अशा बेताने. ते आता सांगितलं तिने, पण साध्या आवाजात. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आप्पा खाली बसले.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "तेल काढल्यावर येताना गाडी एकदाही अडली नाही. तरी माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. त्या चौकात शिरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि ठकीचे श्वास मी अजून मोजते. रोज नाही. पण मोजते."

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"आधी बोलले असते, तर गाडी कुणी दाखवायला नेली असती?"

तो खुर्चीवर बसून पायातला उरलेला बूट काढू लागला.

"सोमवारी मी रुजू होणार," ती म्हणाली. "रजा वाढवणार नाही. पण डॉक्टरांची वेळ घे या आठवड्यात. आणि पहिले काही दिवस गाडीत कुणीतरी बरोबर हवं मला. नुसतं बसायला."

"मी सुट्टी टाकतो."

"तुझी सुट्टी मिळेपर्यंत ठकी शाळेत जायला लागेल," सासूबाई म्हणाल्या.

आप्पा जमिनीकडे बघत होते. बोलायचं होतं त्यांना, पण आज बोलायचा हक्क आपण घालवलाय असं त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. ते तिने पाहिलं. सगळं पाहायची तिची सवय, तिला वाटलं, नेहमीच काही दुखणं नसतं.

"आप्पा, तुम्ही याल?" तिने विचारलं.

त्यांनी मान वर केली. "मी?"

"मागे बसायचं. सूचना द्यायच्या नाहीत. आणि बॉनेटला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," आप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि हिला?"

ठकी तिच्या खांद्यावरून त्यांच्याच खिशाकडे झेपावत होती. तिने ठकीला खाली सोडायला म्हणून वाकल्यासारखं केलं आणि तशीच पुढे होऊन त्यांच्या मांडीवर दिली. "धरा नीट," ती म्हणाली. "पेन काढून ठेवा आधी."